द्रव्य, साचा आणि रूप : घरगुती शोभिवंत साबणाविषयी

घरी तयार केलेल्या शोभिवंत साबणाकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीने तो सुटीतला विरंगुळा असतो, तर दुसऱ्या दृष्टीने तो बाजारातील साबणापेक्षा अधिक नैसर्गिक आणि म्हणून अधिक चांगला मानलेला प्रसाधनाचा प्रकार असतो. आणि या दोन्ही दृष्टींत त्यामागची कारागिरी मात्र बाजूला पडते. साबणाची वडी ही पातळ द्रव्य साच्यात ओतून, ते घट्ट होऊ देऊन आणि साच्यातून अखंड बाहेर काढून सिद्ध केलेली वस्तू असते, म्हणजेच ती ओतकामाच्या कुळातली आहे. ओतकामात द्रव्य कोणत्या क्षणी ओतावे, साच्याला कुठे उतार द्यावा, वस्तू कधी काढावी आणि कोणता तपशील द्रव्य पेलेल व कोणता पेलणार नाही, या प्रश्नांची उत्तरे द्रव्याच्या स्वभावात शोधावी लागतात. साबणाची शोभाही तेथूनच उगवते. ती वरून चिकटवता येत नाही, आणि चिकटवली तर पहिल्या आंघोळीत वाहून जाते. प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी असलेली भूमिका एवढीच आहे.

ही भूमिका कोल्हापुरात मांडली जावी हे स्वाभाविक आहे, कारण साचा आणि ओतकाम या दोन गोष्टी या शहराच्या व जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. शिवाजी उद्यमनगर आणि शहराभोवतालच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांमध्ये वाळूच्या साच्यात लोखंड ओतले जाते. हुपरीच्या चांदीकामात ठशांचे महत्त्व मोठे आहे. बापट कॅम्प आणि शाहूपुरीतील कुंभारवस्त्यांत गणेशमूर्ती साच्यांतून काढल्या जातात. गुढीपाडव्याच्या आधी साखरेचा पाक लाकडी साच्यांत ओतून, त्यात दोरा अडकवून साखरगाठी केल्या जातात. आणि जिल्ह्यातील गुऱ्हाळांवर उसाच्या रसाचा गूळ होऊन तोही साच्यातच आकार घेतो. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १८९५ मध्ये, शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली आणि गुळाच्या व्यापाराने तिला नाव मिळवून दिले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ही सगळी कामे वेगवेगळ्या जातीच्या, वेगवेगळ्या शिक्षणाच्या माणसांची असली, तरी द्रव्य ओतण्याचा क्षण नजरेने ओळखणे हे सर्वांतले समान कौशल्य आहे. फौंड्रीसाठी लाकडी नमुना करणारा कारागीर त्याच्या बाजूंना किंचित निमुळतेपणा देतो, कारण तो दिला नाही तर नमुना वर उचलताना वाळूची कड ढासळते. साबणासाठी लाकडाचा किंवा ताठ प्लॅस्टिकचा साचा वापरणाऱ्यालाही हाच नियम पाळावा लागतो. सिलिकॉनच्या लवचीक साच्याने ही अट पुष्कळ सैल केली, आणि आत वळलेल्या पाकळ्या, खोल खाचा असे आकार घरच्या टेबलावरही शक्य झाले.

साबण घरोघरी येण्यापूर्वीची महाराष्ट्रातील स्वच्छतेची साधने वनस्पतिजन्य होती. केसांसाठी शिकेकाई, रेशमी वस्त्रे व दागिने यांसाठी रिठा, भांड्यांसाठी राख आणि अंगासाठी डाळीचे पीठ किंवा उटणे, असा तो संसार होता. रिठ्याचा फेस साबणाच्या फेसासारखा दिसत असला, तरी रिठा साबण नव्हे. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि म्हणून मळ सुटतो. साबण मात्र तेल आणि अल्कली यांच्या रासायनिक संयोगातून जन्माला येतो. अल्कली म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचा, हाताला बुळबुळीत लागणारा क्षारधर्मी पदार्थ. सज्जीखार, पापडखार, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे सोडायुक्त क्षार, अशी अल्कलीची देशी रूपे महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. पण अंगाला लावायची घडीव, सुगंधी वडी ही येथल्या मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाची खोकी कलकत्ता बंदरात उतरली, आणि त्यानंतर विलायती साबणांची रीघ लागली.

त्या साबणांपैकी अनेकांत जनावरांची चरबी असे, आणि शाकाहारी घरांचा त्यांना विरोध असणे ओघानेच आले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात चरबीविरहित, वनस्पतितेलाचा साबण बाजारात आणला, तो स्वदेशीच्या वातावरणात रुजला, आणि १९२२ पासून ‘नंबर वन’ हे त्यांच्या साबणाचे नाव घराघरांत पोहोचले. दक्षिणेकडच्या म्हैसूर संस्थानात प्रेरणा वेगळी होती. पहिल्या महायुद्धामुळे युरोपला होणारी चंदनाच्या लाकडाची निर्यात अडखळली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१६ च्या सुमारास संस्थानातच चंदनतेल गाळले जाऊ लागले आणि त्यातून चंदनी साबणाचा सरकारी उद्योग उभा राहिला. पुढे टाटा ऑइल मिल्सचा गोल, जाडजूड ‘मोती’ साबण मराठी घरांत दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी इतका जोडला गेला, की वर्षभर दुसरा कोणताही साबण वापरणारी कुटुंबेही नरक चतुर्दशीला तो आणू लागली. साबणाच्या आकाराला आणि वासाला एखाद्या सणाचे मूल्य येऊ शकते, हे त्या वडीने दाखवून दिले, आणि शोभिवंत साबणाचा विचार करणाऱ्याला हा दाखला दुर्लक्षिता येणार नाही.

हाताने साबण करण्याचा दुसरा प्रवाह वर्ध्याहून वाहत आला. १९३४ मध्ये तेथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले व साबण हा स्वतंत्र उद्योग म्हणून हाती घेतला. कडुनिंब, करंज, मोह यांसारख्या झाडांच्या बिया एरवी वाया जातात, त्यांच्या तेलाचा साबण केल्यास खाण्याचे तेल वाचते आणि खेड्यात काम निर्माण होते, असा त्यामागचा विचार होता. त्या साबणांना देखणेपणाची ओढ नव्हती, किंबहुना साधेपणा हेच त्यांचे ब्रीद होते. तथापि लहान प्रमाणात, मोजक्या साधनांनी आणि स्थानिक तेलांपासून उत्तम साबण होऊ शकतो, हे त्या प्रवाहाने सिद्ध केले. आजचा घरगुती कारागीर त्याला माहीत असो वा नसो, त्या परंपरेचा ऋणी आहे.

साबण होतो म्हणजे नेमके काय होते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. तेल किंवा तूप हे एकजिनसी वाटले, तरी त्याचा प्रत्येक रेणू ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन मेदाम्लांचा असतो. त्यावर कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची, क्रिया झाली की मेदाम्ले कण्यापासून सुटतात, सोडियमशी जोडली जातात आणि त्यांचा साबण होतो; ग्लिसरीन मोकळे होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, म्हणून तो तेलकट मळाला वेढून पाण्याबरोबर वाहून नेतो. मोठ्या कारखान्यांत मिठाचे पाणी घालून ग्लिसरीन वेगळे काढले जाते, कारण त्याला स्वतंत्र बाजारभाव असतो. घरगुती साबणात ते वडीतच राहते, आणि असा साबण त्वचेला कमी कोरडा वाटण्याचे ते एक कारण आहे.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो, आणि येथेच हौस संपून शास्त्र सुरू होते. खोबरेल तेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८ आणि कोकमाच्या घट्ट तेलाला सुमारे ०.१३५. समजा २०० ग्रॅम खोबरेल, २०० ग्रॅम शेंगदाणा तेल, ५० ग्रॅम कोकमतेल आणि ५० ग्रॅम एरंडेल असे ५०० ग्रॅमचे मिश्रण घेतले, तर सोडा सुमारे ७७ ग्रॅम येतो. त्यातून ५ टक्के कमी करून ७३ ग्रॅम घेतला जातो, म्हणजे थोडे तेल साबण न होता मागे उरते आणि त्वचेला मोकळा सोडा लागण्याचा धोका टळतो. या सवलतीला साबण करणारे सुपरफॅट म्हणतात. सोडा विरघळवण्यासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे १४६ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी पुरते. या मिश्रणात प्रत्येक तेलाचे काम ठरलेले आहे: खोबरेल कडकपणा आणि भरपूर फेस देते, पण प्रमाण फार वाढले तर त्वचा कोरडी करते, शेंगदाणा तेल सौम्यता आणते, मात्र त्याची वडी मऊ राहते, कोकमतेल ही कडकपणाची उणीव भरून काढते, आणि एरंडेलामुळे फेस टिकतो. कोकमतेलाचे घट्ट गोळे कोकणातून घाट चढून येतात आणि टाचांच्या भेगांवर लावण्यासाठी जुन्या घरांत ते हमखास असतात; साबणासाठी त्यांचा उपयोग अजून पुरेसा झालेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वाटीने किंवा चमच्याने मोजमाप करून हे काम होत नाही. ग्रॅमचा डिजिटल काटा लागतोच. त्याहून महत्त्वाची गोष्ट भांड्याची. कोल्हापूरकडे ज्याला जर्मनचे पातेले म्हणतात ते ॲल्युमिनियमचे असते, आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण ॲल्युमिनियमला खाऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडते. म्हणून घरातले जुने जर्मनचे पातेले या कामासाठी बाजूला काढणे ही सर्वांत घातक चूक ठरते. स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे भांडे वापरावे, काच टाळावी. सोडा पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघडी खिडकी या गोष्टी ऐच्छिक नाहीत. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर चोळत न बसता वाहत्या पाण्याखाली ती जागा बराच वेळ धरावी, आणि डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत असतानाच दवाखान्याची सोय पाहावी. लहान मुले घरात असतील तेव्हा हे काम करू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच.

थंड झालेले द्रावण कोमट तेलात घालून ढवळत राहिले, की काही वेळाने मिश्रण दाट होऊ लागते, आणि चमच्यातून पडणारी त्याची धार पृष्ठभागावर क्षणभर रेष ठेवून मग बुडते. या अवस्थेला ट्रेस म्हणतात. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या रसाचा रंग, फेस आणि धार पाहून काहील उतरवण्याची वेळ ओळखतो, तशीच ही पारख आहे. ती घड्याळाने शिकता येत नाही. साऱ्या शोभेचा निर्णय याच काही मिनिटांत होतो. ट्रेस पातळ असताना दोन रंगांची मिश्रणे एकात एक ओतून काडीने फिरवली, तर बारीक लहरी उमटतात. तो मध्यम असला तर थरावर थर बसतो आणि खालचा थर फुटत नाही. तो दाट झाला की लहरी संपतात, पण वरच्या पृष्ठभागाला चमच्याने उंचसखल आकार देता येतो. लवंग आणि दालचिनी यांची तेले मिश्रण झपाट्याने घट्ट करतात, म्हणून ज्याला नाजूक लहरी हव्या आहेत त्याने हे सुगंध टाळावेत. साच्यात साबणीकरण चालू असताना वडी आतून तापते आणि काही काळ जेलीसारखी पारदर्शक होते. ही अवस्था केवळ मध्यभागी आली तर कापलेल्या वडीत गडद वर्तुळ दिसते. थंडीत साचा टॉवेलात गुंडाळावा लागतो, वैशाखातल्या कोल्हापुरात त्याची गरज पडत नाही.

दुसरी पद्धत सोपी आहे आणि शोभेच्या कामासाठी ती अधिक वापरली जाते. तीत तयार साबणाचा गोळा, म्हणजे सोप बेस, विकत आणून तो मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवतात आणि रंग-सुगंध घालून साच्यात ओततात. येथे कॉस्टिक सोडा हाताळावा लागत नाही, त्यामुळे शाळेच्या कार्यानुभवाच्या तासालाही मोठ्यांच्या देखरेखीखाली ती शिकवता येते. पारदर्शक साबणामागचे तत्त्व जुने आहे: साबण गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि ते प्रकाश विखुरतात, मद्यार्क, ग्लिसरीन आणि साखर यांच्या मदतीने ते स्फटिक रोखले तर प्रकाश आरपार जातो. लंडनमध्ये अँड्र्यू पिअर्स यांनी १८०७ मध्ये असा साबण बाजारात आणला. वितळलेला गोळा उकळू देऊ नये, ओतल्यावर वर येणाऱ्या बुडबुड्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारावा, आणि दुसरा थर ओतण्यापूर्वी पहिल्या थरावरही तो मारावा, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरतात. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चकत्या करून पारदर्शक साबणात बसवली, तर प्रत्येक चकतीतील पोकळ्यांची नक्षी आतून दिसते आणि वापरताना तीच अंग घासण्याच्या कामी येते. या पुस्तकाच्या दृष्टीने शोभा आणि उपयोग एकजीव झाल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

रंगांचे प्रकरण सर्वांत रंजक, आणि अपेक्षाभंगाने सर्वांत भरलेलेही आहे, कारण ताजा साबण तीव्र अल्कधर्मी असतो आणि स्वयंपाकघरातील बहुतेक वनस्पतिरंग अल्कलीत आपले रूप बदलतात. शेजारच्या सांगलीची हळद याचा उत्तम नमुना आहे. हळद सोड्याच्या साबणात पडताच पिवळी न राहता विटकरी लाल होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे प्रत्येक मराठी गृहिणीला माहीत असते, आणि हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीही तिच्या याच रंगबदलावर आधारलेल्या आहेत. साबण मुरत जातो तशी त्याची तीव्रता कमी होते आणि हा लाल रंग हळूहळू सोनेरी-पिवळ्याकडे झुकतो. उन्हात ठेवल्यास मात्र तो उडतो. बिटाचा गुलाबी रंग तपकिरी होतो, जास्वंदीचा लाल मळकट होतो. याउलट शेंद्रीच्या बिया तेलात मुरवल्यास नारिंगी रंग टिकतो, आणि मटणाच्या रश्शाला लाली देणारे रतनजोत, जे तेलात गर्द लाल उतरते, ते साबणात जांभळे-निळे होते. पांढऱ्या कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या निळीतला अल्ट्रामरीन हा रंग अल्कलीत स्थिर असतो, गेरूतला लोहाचा लाल रंगही असतो. परंतु दोन्ही रंग त्वचेसाठी शुद्ध केलेल्या स्वरूपातच घ्यावेत, बाजारातली नीळ किंवा कुंडीला लावायचा गेरू साबणात घालू नये. हे सर्व एकदा समजले की कारागीर रंगाला दोष देणे सोडतो आणि त्याच्या बदलाचा उपयोग करू लागतो. एकाच हळदीच्या, वेगवेगळ्या आठवड्यांत ओतलेल्या वड्यांची ओळ मांडून छटांची चढण दाखवता येते, आणि ती कोणत्याही कृत्रिम रंगापेक्षा अधिक देखणी असते.

स्थानिक द्रव्यांत कोल्हापूरचा गूळ वेगळ्या विचारास पात्र आहे. साखर साबणाला पाण्यात अधिक सहज विरघळू देते, म्हणून फेस वाढतो. गुळानेही हेच साधते, शिवाय वडीला उबदार बदामी रंग येतो. मात्र गूळ सोड्याच्या द्रावणाला अधिक तापवतो, त्यामुळे तो थोड्या पाण्यात आधी विरघळवून, गाळून, पाचशे ग्रॅम तेलाला चहाचा एक चमचा इतक्याच प्रमाणात घ्यावा. म्हशीच्या किंवा गाईच्या दुधातील शर्कराही सोड्याच्या उष्णतेने करपून नारिंगी होते, म्हणून दूध बर्फासारखे गोठवून त्यात सोडा थोडा-थोडा घालतात. दिवाळीच्या उटण्यातील वाळा, नागरमोथा, कचोरा, संत्र्याची साल यांची बारीक पूड वडीत घातली असता अंग घासण्याचे काम होते. पण उटण्याचा सुगंध सोड्यात पुष्कळसा हरवतो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

रूपाच्या बाबतीत मराठी कारागिराने स्वतःला काही मर्यादा घालून घ्याव्यात, असे या पुस्तकाचे मत आहे. साबण ही झिजण्यासाठी केलेली वस्तू आहे, म्हणून जी नक्षी पहिल्या दोन दिवसांत पुसली जाऊन मागे ओबडधोबड ढेकूळ उरते ती नक्षी कच्ची समजावी; जो थर, जी लहर किंवा जो आत बसवलेला आकार वडी अर्धी झाल्यावरही दिसत राहतो, तो पक्का. याच कारणाने गुलाबाच्या सुक्या पाकळ्या वरून पेरण्याची रूढ पद्धत फारशी समर्थनीय नाही, कारण त्या ओल्या होताच काळवंडतात आणि मोरीत अडकतात. देवतांच्या किंवा छत्रपतींच्या प्रतिमांचे साचे बाजारात मिळत असले, तरी जी मूर्ती पायाला घासली जाणार आणि विरघळून जाणार ती ओतू नये. कोल्हापुरी साजाच्या पानांतील चंद्र, शंख, बेलपान यांच्या बाह्यरेषा, रांगोळीतील ठिपक्यांची मांडणी, लुगड्याच्या काठावरची कोयरी, हे आकार मात्र थोडे जाड करून उत्तम उतरतात. पेढे, लाडू, आइस्क्रीम यांच्या हुबेहूब नकला लोकप्रिय आहेत. त्या पाहून लहान मूल साबण तोंडात घालू शकते, आणि खाद्यपदार्थासारख्या दिसणाऱ्या अशा धोकादायक वस्तूंवर युरोपीय समुदायाने १९८७ मध्येच बंदीचा निर्देश काढला होता. भारतात दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी साबणाचे लाडू ठेवणे तर अधिकच अविचाराचे आहे.

घरी वापरण्यासाठी व भेट देण्यासाठी साबण करणे आणि तो विकणे यांत कायद्याने फरक केलेला आहे. विक्रीसाठी प्रसाधने तयार करणाऱ्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्या चौकटीत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. अंगाच्या साबणासाठी भारतीय मानकाने एकूण मेदद्रव्याच्या प्रमाणावरून प्रती ठरवल्या असून पहिल्या प्रतीला ते किमान ७६ टक्के असावे लागते. बचत गटांच्या प्रदर्शनांत हाताने केलेले सुंदर साबण दिसतात आणि त्यांना गिऱ्हाईकही असते. म्हणूनच त्यांच्या वेष्टनावर तेलांची नावे, वजन आणि ओतल्याची तारीख असणे आवश्यक आहे, आणि इसब किंवा मुरूम बरा होतो अशी औषधी ग्वाही नसणे त्याहून आवश्यक आहे. साबणाचे काम अंग स्वच्छ करणे हे आहे. ते चोख होत असेल तर त्याला दुसऱ्या कीर्तीची गरज नाही.

राहता राहिला ऋतूचा प्रश्न, आणि कोल्हापुरात तो गौण नाही. ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे आषाढ-श्रावणात, विशेषतः राधानगरी-गगनबावड्याच्या पट्ट्यात, वितळवून ओतलेल्या पारदर्शक वडीवर दवासारखे थेंब जमतात; ती साच्यातून काढताच पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात घट्ट गुंडाळावी. सोड्याच्या पद्धतीने केलेली वडी उलट उघडीच ठेवावी लागते, कारण साच्यातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढून कापल्यावर तिच्यातील पाणी उडून ती कडक व सौम्य होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ताज्या वडीवर पांढरी भुकटी दिसली तर ती सोड्याची हवेतील कार्बन डायऑक्साइडशी झालेली क्रिया असते; ती ओल्या फडक्याने पुसता येते आणि तिच्यामुळे साबण बिघडत नाही. अधिक महिना मध्ये आला नाही तर अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत दीड चांद्रमास, म्हणजे सुमारे ४४ दिवस असतात, आणि मुरण्यासाठी लागणारे सहा आठवडे त्यात बरोबर बसतात. ज्या वाचकाला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला स्वतःचा साबण हवा असेल, त्याने गणेशविसर्जनाच्या सुमारास वडी ओतावी. नवरात्रात ओतलेली वडी तुळशीच्या लग्नापूर्वी वापरण्यास काढू नये.